माकडांची बट्टी आणि आपला चुकलेला वाद

दर दोन-चार महिन्यांनी तसा एखादा व्हिडिओ कुठून तरी फिरत येतोच. माकडं बदलतात, गोष्ट तीच. दोन माकडं एकमेकांवर तुटून पडतात, किंचाळणं, चावणं, पळापळ, आणि मग थोड्या वेळाने त्यातलंच एक हळूच दुसऱ्याजवळ सरकतं, दोघं एकमेकांना कवटाळतात आणि निवांत उवा बघत बसतात. वर कॅप्शन ठरलेली, माकडाला जमतं ते माणसाला जमत नाही. की लगेच दुसरी पार्टी हजर. अरे बाबांनो, जनावराला कसली आलीय क्षमा, हा निव्वळ स्वार्थ आहे, कळपात राहायचंय म्हणून केलेली तडजोड आहे, उगाच गळे काढू नका. मग दोन्ही बाजूंची जुंपते, आणि गंमत म्हणजे ज्या संशोधकांनी वर्षानुवर्षं घड्याळ लावून हीच भांडणं मोजली त्यांचं म्हणणं काय हे कोणी विचारतच नाही.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. दोन्ही पार्ट्या एकच चूक करतायत. दोघांनीही दिलजमाई म्हणजे मनाचा मोठेपणा असं धरून घेतलंय, फरक इतकाच की पहिल्यांना तो माकडात दिसतो आणि दुसऱ्यांना दिसत नाही. आणि मोजणाऱ्यांना जे सापडलं ते असं की समेट होणार का नाही हे कोणाच्या मोठेपणावर ठरतच नाही. कोणाला कोणाची किती गरज आहे, परत जवळ जाणं किती सुरक्षित आहे आणि आजूबाजूचा कळप कसा वागतो, यावर ते ठरतं. या गोष्टी बदलता येतात, बदलून बघितल्यात, आणि त्या बदलल्या की समेटाचं प्रमाणही बदलतं. हा प्रश्न फक्त माकडांचा असता तर मी लिहायला बसलो नसतो. पण भावकी, ऑफिस, पक्ष, देश, कुठेही फाटलं की आपण भांडणाऱ्यांना "झालं गेलं गंगेला मिळालं" असा उपदेश करतो आणि तो लागू पडला नाही की त्यांच्या स्वभावाला दोष देतो. तो उपदेश या चुकीच्या समजातूनच येतो.

थोडं मागे जाऊ. विसाव्या शतकात बराच काळ प्राणिशास्त्रातला समज असा होता की भांडणामुळे प्राणी एकमेकांपासून लांब जातात, हरलेला पळतो, अंतर वाढतं, विषय संपला. त्यात लंडनच्या प्राणिसंग्रहालयातल्या 'मंकी हिल'ने भरच घातली. तिथे 1925 मध्ये शंभरेक हमाद्रियास बबून (कुत्र्यासारख्या तोंडाची मोठी माकडं) आणून सोडले, जवळजवळ सगळे नर. मग 1927 मध्ये त्यांच्यात तीसेक माद्या आणून टाकल्या आणि जो काही हैदोस झाला त्यात पुढच्या काही वर्षांत त्यातल्या बहुतेक माद्या मेल्या. प्राणिशास्त्रज्ञ सॉली झुकरमन यांनी यावरून माकडांच्या समाजजीवनाबद्दल मोठमोठे निष्कर्ष काढले आणि ते दीर्घकाळ चालले. अनोळखी नरांची गर्दी एका कृत्रिम टेकडीवर कोंबायची, त्यात मूठभर माद्या सोडायच्या आणि मग म्हणायचं बघा निसर्ग किती हिंस्र! 1960 च्या दशकात हान्स कुमर इथिओपियात जाऊन त्याच जातीचे बबून त्यांच्या घरी बघून आले तर तिथे बऱ्यापैकी बसलेली घडी होती, एका नराच्या माद्यांकडे दुसरा नर सहसा फिरकत नव्हता. म्हणजे माकडांच्या नावावर आपल्याला हवं ते खपवायची सवय काही आजच्या व्हिडिओवाल्यांनी लावलेली नाही.

मग 1975 च्या हिवाळ्यात नेदरलँड्समधल्या आर्नहेमच्या प्राणिसंग्रहालयात फ्रान्स द वाल या तरुण संशोधकाने एक भांडण बघितलं. तिथल्या वरचढ नराने एका मादीवर हल्ला केला, बाकीचे तिच्या बाजूने ओरडत आले, गोंधळ झाला, मग शांतता, आणि मग अचानक दोन चिंपांझी मिठी मारून एकमेकांचे मुके घेतायत आणि सगळा कळप आरडाओरडा करतोय. हे कोण दोघं? तर ज्यांचं भांडण झालं तेच. (चिंपांझी म्हणजे माकड नव्हे हे मला माहितीये, शेपूट नसलेले कपी वेगळे. पण गोष्ट तिथून सुरू झाली आणि माकडांपर्यंत आली, त्याला माझा इलाज नाही.) 1979 मध्ये अँजेलिन व्हान रोझमालेन यांच्यासोबत त्यांनी यावर पेपर लिहिला आणि त्यात सरळ 'समेट' असा शब्द वापरला. बऱ्याच जणांना तो खटकला.

आणि खटकणं बरोबरच होतं, इथे मी दुसऱ्या पार्टीला पूर्ण मार्क देतो. प्राण्याने काही केलं की आपल्या घरातला शब्द उचलून त्याला चिकटवायचा ही वाईट खोड आहे. भांडण झाल्यावर दोघं जवळ आले म्हणून समेट झाला असं कसं म्हणणार? ते एरवीही जवळच बसत असतील. कोपऱ्यात सावली असेल म्हणून दोघं तिथे गेले असतील. पण हा आक्षेप संशोधकांनाही सुचला होता ना! द वाल आणि योशिहारा यांनी 1983 मध्ये रीसस माकडांवर जी पद्धत वापरली ती इतकी साधी आहे की आपल्यालाही करता येईल. भांडण संपलं की त्या माकडावर दहा मिनिटं नजर ठेवायची आणि सगळं लिहायचं. मग दुसऱ्या दिवशी साधारण त्याच वेळी, भांडण झालेलं नसताना, त्याच माकडाकडे परत दहा मिनिटं बघायचं. आता तुलना करा. भांडणाने अंतर वाढत असेल तर भांडणानंतरच्या दहा मिनिटांत ती जोडी कमी वेळा जवळ यायला हवी. झालं उलटं. ज्यांचं वाजलं तेच एरवीपेक्षा लवकर आणि जास्त वेळा एकमेकांजवळ आले. त्यानंतर ही पद्धत कितीतरी जातींवर वापरली गेली आणि बहुतेक ठिकाणी कमी-जास्त प्रमाणात हेच दिसलं. रीसस माकडं तर मिठ्या वगैरे मारतही नाहीत, ती नुसती सहज चाललोय असं दाखवत शेजारून अंग घासून जातात, इकडेतिकडे बघतात. घड्याळ लावल्याशिवाय तो समेट आहे हे कळलंही नसतं. पिंजऱ्यात पळायला जागा नसते म्हणून असं होतं हाही आक्षेप आला, चांगला होता, पण केनियातल्या अंबोसेलीतली व्हर्वेट माकडं आणि सुमात्राच्या जंगलातली लांबशेपटी मकाक (रीससच्याच कुळातली माकडं) मोकळी असूनही हेच करतात.

याहून धारदार आक्षेप जोन सिल्क या संशोधिकेचा. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं की नातं दुरुस्त करणं वगैरे मोठे शब्द कशाला, मारणारा फक्त एवढंच सांगतोय की आता मी मारणार नाहीये, झालं माझं. बस. बोट्स्वानातल्या मोरेमी अभयारण्यात बबून माद्या भांडणानंतर कधीकधी घशातून हलकेच गुरगुरतात, हे गुरगुरणं रागाचं नसतं, गोडीचं असतं. तिथे डोरोथी चेनी आणि रॉबर्ट सेफार्थ यांनी सिल्क यांच्यासोबत काय केलं, भांडणानंतर मार खाल्लेल्या मादीला लपवलेल्या स्पीकरवरून मारणारीचा तो आवाज ऐकवला. आवाज ऐकलेल्या माद्या मारणारीच्या जवळ जायला जास्त तयार झाल्या. मिठी नाही, स्पर्श नाही, पश्चात्तापाचा डोळाभर आव नाही, एक आवाज पुरला. पुढे तर असंही दिसलं की मारणारीच्या नातेवाईक मादीने आवाज दिला तरी काम होतं, म्हणजे दूत पाठवून समेट!

मला हा आक्षेप मान्य आहे आणि तो माझ्याच बाजूचा आहे असं मला वाटतं. कारण बघा, आपण माफी मागताना काय करतो? शब्दांना भरजरी शाल घालतो, पण समोरच्याला त्यातनं हवी असते एकच माहिती, की पुन्हा हात उठणार आहे का नाही. ती पटली तर शाल नसली तरी चालतं, आणि पटली नाही तर कितीही वेळा सॉरी म्हणा, तो दाराशीच उभा राहणार. सुरक्षितता आधी. लांबशेपटी मकाकांवर फिलिपो आउरेली आणि कारेल व्हान स्कायक यांनी 1991 मध्ये दाखवलं की मार खाल्लेलं माकड पुढची काही मिनिटं सारखं अंग खाजवत राहतं, जे तणावाचं लक्षण मानतात, आणि हा तणाव काही मनाचा खेळ नसतो, कारण त्या काही मिनिटांत त्याला परत मार बसण्याची शक्यता खरोखरच वाढलेली असते, पहिल्याकडूनही आणि तिसऱ्याच कोणाकडूनही. समेट झाला की खाजवणं कमी होतं, हल्लेही कमी होतात. आणि पुढे असंही सापडलं की मारणारंसुद्धा खाजवत असतं. हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. जिंकलेलाही बेचैन असतो, कारण ज्याला मारलं त्याची त्याला उद्या गरज आहे.

आता 'स्वार्थ' या शब्दाकडे येऊ, कारण दुसऱ्या पार्टीचा हा हुकमी एक्का. आपल्याकडे माकडिणीची ती गोष्ट सगळ्यांना पाठ असते, हौदात पाणी नाकापर्यंत आलं की ती पिल्लाला पायाखाली घेते. ही गोष्ट आपण पुरावा असल्यासारखी सांगतो, जणू कोणी प्रयोग करून बघितलाय! प्रयोग केलाय तो वेगळाच. मरीना कॉर्ड्स आणि सिल्वी थुर्नहेर यांनी 1993 मध्ये लांबशेपटी मकाकांच्या जोड्या घेतल्या, त्यांच्यात समेटाचं प्रमाण किती ते आधी मोजलं, आणि मग त्यांना शिकवलं की खाऊ हवा असेल तर दोघांनी शेजारी शेजारी येऊन बसायचं, एकट्याला मिळणार नाही. त्यानंतर भांडण झालं तर? समेटाचं प्रमाण साधारण तिपटीवर गेलं. माकडं तीच, स्वभाव तेच, संस्कार तेच. फक्त दुसरा आता उपयोगाचा झाला होता. मग हा स्वार्थ का? असेल बुवा. पण ज्या स्वार्थासाठी मला तुझ्याशी नीट वागावं लागतं, तू सुखरूप राहावंस असं वाटावं लागतं, तो आणि पायाखाली घेणारा स्वार्थ यांना एकच शब्द वापरून आपण नक्की काय मिळवतो? काहीच नाही, फक्त शहाणं दिसतो.

इतिहासात बघा. 1919 मध्ये व्हर्सायला जो तह झाला तो हरलेल्याला खाली बसवून झाला, कागदावर शांतता, प्रत्यक्षात एकमेकांची गरज शून्य, आणि वीस वर्षांत पुन्हा महायुद्ध. व्हर्सायला एकट्याला जबाबदार धरणं भाबडेपणाचं आहे, मधे महामंदी आहे, हिटलर आहे, मान्य. पण दुसऱ्या महायुद्धानंतर फ्रान्सचे परराष्ट्रमंत्री रॉबर्ट शुमान यांनी 9 मे 1950 ला जे मांडलं ते वाचलं की मला तो खाऊचा प्रयोगच आठवतो. फ्रान्स आणि जर्मनीचं कोळसा आणि पोलाद एकाच यंत्रणेखाली आणायचं, म्हणजे युद्ध नुसतं मनातून नव्हे तर प्रत्यक्षातच अशक्य होईल. फ्रेंचांनी जर्मनांना त्या दिवशी माफ केलं होतं का? सहा वर्षांपूर्वीपर्यंत पॅरिसमध्ये जर्मन फौज बघितलेल्या लोकांनी? मला नाही वाटत. आधी एकत्र बसायची सोय झाली, 1951 मध्ये सहा देशांचा करार झाला, आणि दोस्तीचा म्हणता येईल असा फ्रान्स-जर्मनी करार 1963 मध्ये आला. आपण मात्र उलट्या क्रमाने सांगतो. आधी मन साफ करा, मग एकत्र या.

आता पहिल्या पार्टीकडे, कारण त्यांचं वाक्य कितीही गोड असलं तरी तेही खोटं आहे. "माकडाला जमतं" म्हणजे कुठल्या माकडाला? रीसस माकडांच्या भांडणांत साधारण पाचातल्या एकातच समेट होतो, बाकी चार तशीच सुटतात. त्यांच्याच कुळातली आखूड शेपटीची मकाक मात्र निम्म्याहून जास्त वेळा समेट करतात, तेही साग्रसंगीत, एकाने ढुंगण पुढे करायचं आणि दुसऱ्याने ते दोन्ही हातांनी धरायचं, असा ठरलेला विधीच आहे. मग यावर लगेच उत्तर तयार असतं, की हा जातीचा गुण. रक्तातच असतं. हे वाक्य माणसांबद्दलही किती सहज येतं हे वेगळं सांगायला नको. तर द वाल आणि डेनिस योहानोविच यांनी हेच तपासलं आणि 1993 मध्ये छापलं. रीससची लहान पोरं पाच महिने आखूडशेपट्यांच्या थोड्या मोठ्या पोरांबरोबर ठेवली. रीससांचं समेटाचं प्रमाण हळूहळू चढत पार आखूडशेपट्यांच्या बरोबरीला आलं. मग आखूडशेपट्यांना काढून घेतलं. रीससांमध्ये आता फक्त रीसस उरले, तरी प्रमाण टिकलं.

रक्तातच असतं म्हणणाऱ्यांना केनियातली अजून एक गोष्ट. रॉबर्ट सापोल्स्की ज्या बबूनांच्या टोळीचा अभ्यास करत होते तिच्यातले सगळ्यात दांडगट नर शेजारच्या टोळीशी मारामारी करून एका पर्यटक लॉजच्या उकिरड्यावर खायला जायचे. 1980 च्या दशकात तिथल्या दूषित मांसातून क्षय पसरला आणि नेमके हे दांडगट मेले. उरले ते मवाळ नर आणि माद्या. टोळीतलं वातावरण निवळलं, यात आश्चर्य नाही. आश्चर्य पुढे आहे. बबूनांमध्ये नर वयात आले की टोळी बदलतात, त्यामुळे दहाएक वर्षांत जुने नर सगळे गेले, बाहेरून नवे आले, नेहमीच्या मारकुट्या टोळ्यांमधून वाढलेले. आणि टोळी तशीच मवाळ राहिली. नव्यांना कोणी संस्कार वर्ग लावले नव्हते. तिथल्या माद्या त्यांच्याशी लवकर जवळीक करायच्या, वरचे नर खालच्यांवर उगाच राग काढायचे नाहीत, आणि आलेला गडी तसाच व्हायचा. बाकी टोळ्यांत वड्याचं तेल वांग्यावर काढणं हाच तर मुख्य उद्योग असतो, वरच्याने मारलं की मधला खालच्याला मारतो.

इथपर्यंत सगळं छान छान चाललंय, म्हणून आता मला स्वतःलाच अडचणीत टाकणारा मुद्दा. समेट म्हणजे न्याय नव्हे. माकडांच्या समेटात चूक कोणाची हे कुठेच येत नाही. वरचा वर राहतो, खालचा खाली, आणि कधीकधी समेट हेच खालच्याला खाली ठेवायचं हत्यार होतं. चिंपांझी नरांत तर हे उघड दिसतं, हरलेला जोवर रीतसर वाकून मान्य करत नाही तोवर वरचढ नर त्याला जवळ येऊ देत नाही. आधी वाक, मग मिठी. हे वाचताना तुम्हाला कोणी आठवलं का? मला आठवले, दोन-चार जण, नावं नाही घेत. तेव्हा घरात किंवा ऑफिसात कोणी "आता मिटवून टाका" म्हणालं की आधी बघायला हवं, मिटवण्यात वाकतंय कोण, आणि दर वेळी तेच वाकतंय का.

दक्षिण आफ्रिकेत वर्णद्वेषी राजवट संपल्यावर डेस्मंड टुटूंच्या अध्यक्षतेखालच्या सत्य आणि समेट आयोगाने 1996 पासून सुनावण्या घेतल्या, लोक जगासमोर रडले, काही मारेकऱ्यांनी कबुली देऊन माफी मिळवली. त्या आयोगाला नावं ठेवायची माझी लायकी नाही, रक्तपात टळला ही लहान गोष्ट नाही. पण आयोगाने पीडितांसाठी सहा वर्षं दरवर्षी भरपाई सुचवली होती आणि 2003 मध्ये सरकारने दिले ते एकदाच, माणशी 30,000 रँड. मिठी झाली, वाटणी तशीच राहिली. या तक्रारीला माकडांचं विज्ञान उत्तर देऊ शकत नाही आणि कोणी ते देतंय म्हणालं तर त्याच्यापासून सावध राहा.

पण म्हणून समेटाचा अभ्यास निरुपयोगी होत नाही, कारण तिसऱ्याचा प्रश्न उरतो. आपल्या गोष्टीतलं माकड लोण्याची वाटणी करायला बसतं आणि दोन्ही बोक्यांना फसवून सगळं स्वतःच खातं, मध्यस्थ म्हणून माकडाची आपल्याकडची ख्याती ही अशी. डुकरासारखी शेपटी असलेल्या मकाकांमध्ये मात्र जेसिका फ्लॅक आणि सहकाऱ्यांना वेगळं दिसलं. तिथले दोन-तीन वजनदार नर दोघांच्या भांडणात मधे पडतात आणि कोणाचीच बाजू घेत नाहीत, नुसतं थांबवतात. 2006 मध्ये छापलेल्या प्रयोगात या नरांना थोड्या वेळासाठी कळपातून बाजूला काढलं. भांडणं तर वाढलीच, पण त्याहून बोलकं म्हणजे एरवीचं खेळणं, उवा बघणं हेही आक्रसलं, जो तो आपल्या चार माणसांपुरता राहिला. बाजू न घेणारा कोणी आहे एवढ्या भरवशावर बाकीचे अनोळख्याशी खेळायचा धोका पत्करत होते. आणि ते नर हे करू शकत होते कारण बाकीचे त्यांना मानत होते, त्यांना स्वतःला त्या भांडणात काही जिंकायचं नव्हतं. आपल्याकडे मध्यस्थ नेमताना ही एक गोष्ट किती वेळा बघितली जाते?

आर्नहेममध्ये असा मानलेला तिसरा शेवटी उरलाच नव्हता. तिथल्या तीन मोठ्या चिंपांझी नरांनी वर्षानुवर्षं भांडून परत परत समेट केले, त्याच समेटांवर एक अख्खं शास्त्र उभं राहिलं, आणि 1980 मध्ये एका रात्री निक्की आणि येरून या दोघांनी मिळून लाउटला इतकं फाडलं की तो वाचला नाही. ज्यांचे मुके मोजले होते तेच हे. द वाल यांना ते आयुष्यभर सलत राहिलं, 2024 मध्ये ते गेले, पण समेट हा शब्द त्यांनी मागे घेतला नाही आणि समेट कायम टिकतो असंही कधी म्हणाले नाहीत.

पुढचा तसा व्हिडिओ आला की जमलं तर मिठीच्या आधीचा भाग शोधा. कोण आधी सरकलं, कोण खाजवत होतं, शेजारी तिसरं कोणी उभं होतं का. बहुतेक वेळा तेवढाच भाग कापलेला असतो.